नकाराच्या पत्रात कारण नसतं

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्च संपेपर्यंत आमच्या वर्गातली काही मुलं रात्री नीट झोपत नाहीत. अमेरिकेतली विद्यापीठं पीएचडी प्रवेशाचे निकाल त्यांच्या दुपारी कळवतात, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते. मोबाइल वाजतो. ईमेलमध्ये निकाल नसतो, 'तुमच्या अर्जाच्या स्थितीत बदल झाला आहे' एवढंच असतं. मग पोर्टल उघडायचं, पासवर्ड टाकायचा आणि पत्र वाचायचं. अर्ज फार आले, जागा मोजक्या होत्या, आम्हाला खेद वाटतो. बारा विद्यापीठांची बारा पत्रं, बाराही जवळपास सारखी. कारण एकातही लिहिलेलं नसतं.

अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांना शिकवताना अशा मुलांशी बोलण्यात माझे बरेच मार्च गेले आहेत. समोर येऊन बसलेल्या मुलाचा पहिला प्रश्न असतो, "सर, माझं काय कमी पडलं?" आणि दुसरा, "आता काय करू?" पहिल्याचं उत्तर नीट शोधल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. बहुतेक मुलं पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'माझी तेवढी लायकी नाही' असं स्वतःच देऊन टाकतात, नाहीतर लगेच जीआरई ही प्रवेशपरीक्षा पुन्हा द्यायला निघतात. दोन्ही बहुधा चुकतं.

आधी आकडे पाहू. एमआयटी, हार्वर्ड, स्टॅनफर्ड, प्रिन्स्टन, शिकागो, येल, बर्कली अशा विभागांपैकी एखाद्याकडे एका वर्षात सातशे-आठशे किंवा त्याहून जास्त अर्ज येतात. वर्ग असतो वीस-पंचवीस जणांचा. त्याखालच्या पायरीवरच्या विभागांकडेही अर्ज शेकड्यांनीच येतात. ज्याला ॲडमिट मिळतो त्याची फी माफ होते आणि पाच-सहा वर्षं जगण्यापुरता स्टायपेंडही मिळतो. म्हणजे एकेका विद्यार्थ्यावर विभाग काही लाख डॉलर लावत असतो. एवढे पैसे लावणारा माणूस अनोळखी घोड्यावर पैज लावत नाही. महाराष्ट्रातल्या एखाद्या महाविद्यालयाचं नावही न ऐकलेल्या समितीपुढे आपला अर्ज जातो, तेव्हा तो कमजोर म्हणून बाजूला पडतो असं नाही. तो अनोळखी म्हणून बाजूला पडतो. या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचा फरक आहे आणि पुढचं वर्ष कसं घालवायचं हे त्या फरकावर ठरतं.

अर्जदाराच्या बाजूचा हिशेबही मांडायला हवा. एकेका अर्जाचं शुल्क साधारण पंचाहत्तर ते सव्वाशे डॉलर. बारा ठिकाणी अर्ज केले की लाखभर रुपये जातात. जीआरईचे वीस-बावीस हजार आणि टोफेलचे त्याच्यावर. ज्या घरात हे पैसे एखाद्या मुदतठेवीतून काढलेले असतात, तिथे नकाराची पत्रं त्या मुलाला एकट्याला येत नाहीत, अख्ख्या घराला येतात. काही विद्यापीठं शुल्कमाफी देतात, पण ती मागावी लागते, मुदतीच्या बऱ्याच आधी मागावी लागते, आणि परदेशी विद्यार्थ्याला सगळीकडे मिळत नाही. दुसऱ्या खेपेला अर्ज करणाऱ्यांनी ही चौकशी सप्टेंबरातच करावी.

२०२५ पासून परिस्थिती आणखी आवळली आहे. अमेरिकी सरकारने विद्यापीठांच्या संशोधन निधीला कात्री लावली आणि कित्येक विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या. काहींनी त्या वसंतात प्रवेश मध्येच थांबवले. हार्वर्डने पुढच्या दोन वर्षांसाठी जागांत मोठी कपात केली. मे आणि जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणं काही आठवडे बंद होतं. सप्टेंबरात एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क जाहीर झालं. यानंतर ज्यांना नकार आला त्यांनी स्वतःला दोष देण्याआधी हे वर्ष कसं होतं ते लक्षात घ्यावं. आणि जो पुन्हा अर्ज करणार असेल त्याने सगळी अंडी अमेरिकेच्या टोपलीत ठेवू नयेत.

आता जे आपल्या हातात आहे त्याकडे येऊ. अर्जात समिती गुणपत्रिका, जीआरई, उद्देशपत्र आणि तीन शिफारसपत्रं वाचते, काही ठिकाणी लेखनाचा नमुनाही मागते. जीआरईच्या गणिताच्या भागात १७० पैकी १६५ च्या वर गुण असले की तो विषय संपला. आपल्याकडची मुलं बहुतेक तिथे असतातच. १६७ चे १६९ करण्यासाठी पुन्हा परीक्षा देणं म्हणजे पैसा आणि तीन महिने दोन्ही वाया घालवणं.

खरं गणित वेगळं आहे. आपल्या विद्यापीठांत अर्थशास्त्राची बी.ए. एकही सिद्धता न लिहिता पूर्ण करता येते. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मात्र सूक्ष्म अर्थशास्त्राला मास-कोलेल, व्हिन्स्टन आणि ग्रीन यांचं १९९५ चं जाडजूड पुस्तक समोर येतं आणि त्यात पानोपानी प्रमेयं असतात. त्या वर्षाच्या शेवटी पात्रता परीक्षा असते आणि तिथे मुलं गळतात. म्हणून समिती गुणपत्रिकेत रिअल ॲनालिसिस, लिनियर अल्जेब्रा, अनेक चलांचं कॅल्क्युलस आणि संभाव्यताशास्त्र शोधते. यातला ॲनालिसिस बऱ्याचदा नसतो. नसेल तर वर्षभरात तो रीतसर करावा, परीक्षा द्यावी आणि गुण मिळवावेत. ऑनलाइन प्रमाणपत्रापेक्षा विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवरची एक ओळ जास्त बोलते. गणित विभागातल्या शिक्षकांना जाऊन विचारलं तर वर्गात बसू देणारे पुष्कळ भेटतात, पण नुसतं बसणं पुरत नाही, पेपर लिहिलेला असावा लागतो.

आणि मग शिफारसपत्र. माझ्या मते आपल्याकडचे सर्वांत जास्त अर्ज इथे बुडतात, आणि त्यात विद्यार्थ्याचा दोष सर्वांत कमी असतो.

शिफारस करणाऱ्याला काय दिसतं ते सांगतो. पत्र चढवण्याआधी बहुतेक पोर्टलवर एक तक्ता भरावा लागतो. डाव्या बाजूला ओळी असतात, बौद्धिक क्षमता, स्वतंत्र विचार, लेखन, चिकाटी. वर रकाने असतात, पहिल्या एक-दोन टक्क्यांत, पहिल्या पाचांत, दहांत, पंचवीसांत, आणि शेवटी 'सांगता येत नाही'. खाली एक प्रश्न येतो. या विद्यार्थ्याची तुलना तुम्हाला माहीत असलेल्या आणि पीएचडीला गेलेल्या इतरांशी कशी कराल? अमेरिकेतल्या मोठ्या विभागातला प्राध्यापक इथे सहज लिहितो की हा मुलगा तीन वर्षांपूर्वी अमुक ठिकाणी गेलेल्या माझ्या विद्यार्थिनीच्या तोडीचा आहे. ती विद्यार्थिनी समितीला माहीत असते, त्यामुळे एका वाक्यात काम होतं. माझ्यासारख्याने तिथे काय लिहायचं? ऐंशी-नव्वद जणांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, प्रश्न विचारणारी, परीक्षेत वरचे गुण मिळवणारी मुलगी मला माहीत असते. ती संशोधन कसं करते हे मी पाहिलेलंच नसतं. मग पत्रात हुशार, कष्टाळू, नियमित, नम्र ही विशेषणं येतात. ती खरी असतात, पण समितीला त्यातून काहीच कळत नाही. अशी पत्रं मी बरीच वर्षं लिहिली आणि त्यातून मुलांचं नुकसान झालं, हे इथे लिहून ठेवणं मला गरजेचं वाटतं.

म्हणून नकारानंतरच्या वर्षाचं खरं काम एकच. संशोधन करणाऱ्या कुणाच्या तरी इतकं जवळ जायचं की त्या माणसाला तुमच्याबद्दल विशेषणांशिवाय दोन पानं लिहिता यावीत. बाकीचे जे मार्ग सुचवले जातात ते या एका गोष्टीला किती उपयोगी पडतात, त्यावर मी तोलतो.

सध्या सर्वांत चलतीत असलेला मार्ग म्हणजे प्रीडॉक. पीएचडीच्या आधी एक-दोन वर्षं प्राध्यापकाकडे पूर्णवेळ संशोधन साहाय्यक म्हणून नोकरी करायची. हार्वर्डमधली राज चेट्टी यांची ऑपॉर्च्युनिटी इनसाइट्स ही संस्था यासाठी प्रसिद्ध आहे. शिकागो आणि स्टॅनफर्डमध्येही अशा जागा असतात आणि एनबीईआर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या यादीवर त्यांच्या जाहिराती लागतात. निवडीआधी घरी करायला एक काम देतात. कच्चा डेटा, काही प्रश्न आणि ठरावीक वेळ. स्टाटा, आर किंवा पायथॉनमध्ये स्वच्छ, दुसऱ्याला वाचता येईल असं काम करून द्यायचं. अमेरिकेतल्या जागांना व्हिसाची अडचण आहे आणि एच-वन-बीच्या शुल्कानंतर ती वाढली आहे. भारतात राहून करण्याजोगी जागा जे-पाल साउथ एशिया या संस्थेकडे मिळते, दिल्लीतल्या संशोधन संस्थांत मिळते, परदेशी प्राध्यापकांच्या भारतातल्या प्रकल्पांवर मिळते.

प्रीडॉकबद्दल माझ्या मनात शंकाही आहे. पाच-सहा वर्षांच्या पीएचडीला पुढे आणखी दोन वर्षं जोडली गेली की हा रस्ता सात-आठ वर्षांचा होतो. घरची जबाबदारी असलेल्या मुलाला, किंवा पंचविशी आली म्हणून घरात लग्नाचं बोलणं सुरू झालेल्या मुलीला, ही दोन वर्षं फुकट मिळत नाहीत. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांच्यासाठीच दार आणखी रुंद होतंय, ही तक्रार मला रास्त वाटते. पण आजच्या घडीला दुसऱ्या कोणत्याही गोष्टीपेक्षा यातून पत्र चांगलं मिळतं, हेही खरं.

यात मराठी मुलांकडे एक गोष्ट आहे, आपल्याच गावांची ओळख, आणि तिची किंमत त्यांना कुणी सांगत नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने १९७५ साली गावपातळीवरचा अभ्यास सुरू केला, त्यात सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कानझरा ही गावं होती. रॉबर्ट टाउनसेंड यांचा १९९४ चा गाजलेला निबंध याच नोंदींवर उभा आहे. दुष्काळात एका घराचं उत्पन्न बुडालं तर गाव त्याला किती सावरून घेतं, हा त्याचा प्रश्न. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरमधल्या मुलामुलींच्या मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या निवडीवर २००६ मध्ये लिहिलं. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांत लहान आणि मोठ्या शेतकऱ्यांचं वजन उसाच्या भावावर कसं पडतं, यावर अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध २००१ चा आहे. जगातल्या पहिल्या ओळीच्या नियतकालिकांत आपली गावं अशी वर्षानुवर्षं येत राहिली आहेत. ते निबंध वाचणारी आपली मुलं मात्र उद्देशपत्रात लिहितात की त्यांना लहानपणापासून विकास अर्थशास्त्राची आवड आहे.

एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. पहिल्या वर्षी तिला अकरा रिजेक्ट आले. त्यानंतर तिसऱ्या महिन्यात ती एका सर्वेक्षणाच्या प्रकल्पावर लागली आणि बीड जिल्ह्यात गेली. हातात टॅब, बरोबर सहा-सात सर्वेक्षक. दिवसभर ते घरोघर फिरायचे आणि संध्याकाळी ती त्यातली काही घरं पुन्हा गाठून उत्तरं पडताळून पाहायची. प्रश्नावलीत एक रकाना होता, घरातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीची मजुरी. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तो रकाना भरलाच जाईना. सर्वेक्षकांनी बाईपुढे शून्य आणि पुरुषापुढे सगळी रक्कम टाकली होती, काहींनी अर्धी-अर्धी करून टाकली होती. तिने फोन केला तेव्हा ती वैतागलेली होती. म्हणाली, "सर, इथे मजुरी माणसाला मिळतच नाही. कोयत्याला मिळते." नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि हंगामाच्या शेवटी फिटते किंवा फिटत नाही तीही कोयत्याची. बाईची मजुरी किती, हा प्रश्न त्या व्यवहारात कुणी विचारतच नाही, कारण ती वेगळी काढायला जागाच नाही.

मी तिला एवढंच म्हणालो की हे आज रात्री लिहून ठेव. तिने चार पानं लिहिली. नंतर तिच्या लक्षात आलं की ज्या अभ्यासांत स्त्रियांची कमाई आणि घरातलं त्यांचं वजन यांचा संबंध लावतात, तिथे अशा घरांचे आकडे चुकीचेच गेलेले असू शकतात. तिचा प्रश्न तिला तिथे सापडला. पुस्तकात शोधून तो सापडला नसता.

प्रीडॉक जमत नसेल तर दुसरा मार्ग मास्टर्सचा. ज्यांनी बी.ए. नंतर थेट अर्ज केले होते, त्यांना मी आधी हाच सांगतो. तीन वर्षांची पदवी काही विभागांना अपुरी वाटते, हेही त्यामागचं एक कारण. देशात दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची (आयएसआय) एमएसक्यूई, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, पुण्याची गोखले संस्था आणि मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग. गणिताची कसोटी आयएसआयमध्ये सर्वांत कडक, आणि तिथल्या गुणपत्रिकेला परदेशात वजन आहे. गोरेगावात वर्ग लहान असल्यामुळे प्राध्यापक विद्यार्थ्याला ओळखतात, आणि मला त्याचं मोल जास्त वाटतं.

युरोपात पर्याय बरेच आहेत. बॉन, बार्सिलोना, तुलूझ, पॅरिस, माद्रिदची सेम्फी, ॲमस्टरडॅम आणि रॉटरडॅमची मिळून चाललेली टिनबर्गन इन्स्टिट्यूट, एलएसईचा इकॉनोमेट्रिक्सचा एमएससी, ऑक्सफर्डचा दोन वर्षांचा एमफिल. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नगण्य आहे. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र, म्हणजे मानहाइमलाही, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला दीड हजार युरो भरावे लागतात. लंडनचा एक वर्षाचा कोर्स महाग, आणि तिथे गेलेला मुलगा सप्टेंबरात उतरतो आणि डिसेंबरात त्याला पीएचडीचे अर्ज भरायचे असतात. तीन महिन्यांत त्याला कोण ओळखणार? कर्ज काढून एक वर्षाचा मास्टर्स करणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. दोन वर्षांचा कोर्स इथे सरस ठरतो. कॅनडात टोरांटो, यूबीसी, क्वीन्सच्या एम.ए. ला काही विद्यार्थ्यांना थोडंफार फंडिंग मिळतं.

तिसरा मार्ग शेजारच्या दारांचा. आपली मुलं 'इकॉनॉमिक्स' एवढीच पाटी पाहून अर्ज करतात. बर्कली, डेव्हिस, कॉर्नेल, विस्कॉन्सिन, मिनेसोटा इथे कृषी किंवा उपयोजित अर्थशास्त्राचे स्वतंत्र आणि जुने विभाग आहेत, आणि विकासाच्या प्रश्नांवर काम करणारे चांगले लोक तिथे आहेत. सार्वजनिक धोरणाच्या पीएचडी आहेत, बिझनेस स्कूलांत फायनान्स आहे. शेती, पाणी, स्थलांतर, ऊस, कापूस यांवर प्रश्न असलेल्या मुलाने कृषी अर्थशास्त्राला दुय्यम मानू नये.

देशातच पीएचडी करणं हा पराभवाचा मार्ग नाही, आणि त्याबद्दल मी थोडा आग्रही आहे. यूजीसीची जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपही आहेत. त्या वेळेवर मिळाव्यात म्हणून विद्यार्थ्यांना आंदोलनं करावी लागली आहेत, तेव्हा हातात दुसरी सोय असू द्यावी. इथल्या पीएचडीवर परदेशी विद्यापीठात प्राध्यापकी मिळणं अवघड आहे, हे लपवू नये. पण रिझर्व्ह बँकेत, धोरणसंस्थांत, आपल्याच विद्यापीठांत काम करायचं असेल तर ती अडत नाही. ज्याला संशोधनापेक्षा धोरणाचं काम खेचतं, त्याने भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा आणि रिझर्व्ह बँकेच्या अर्थशास्त्रज्ञांच्या जागा पाहाव्यात. तिथे पोहोचलेले माझे विद्यार्थी समाधानी आहेत.

घरच्यांचा एक प्रश्न उरतो, "गॅप पडला तर?" इथे मला आंबेडकर आठवतात. ते १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, तिथून लंडनला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. वेगळ्या जहाजाने पाठवलेलं त्यांचं सामान पाणबुडीच्या हल्ल्यात बुडालं. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात त्यांनी शिकवलं, पैसे साठवले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी आधी सुधारायला परत पाठवला होता, १९२३ मध्ये त्यावर डी.एस्सी. मिळाली. १९१७ ते १९२० या तीन वर्षांना कुणी गॅप म्हणत नाही.

पुन्हा अर्ज करणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. ज्या विभागाने नकार दिला तिथे पुढच्या वर्षी अर्ज करता येतो, पण गेल्या वर्षीचाच अर्ज नव्या तारखेने पाठवू नये. काय बदललं ते उद्देशपत्राच्या पहिल्या परिच्छेदात दिसलं पाहिजे. वेटलिस्टवर नाव असेल तर पंधरा एप्रिलपर्यंत आशा सोडू नये. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांनी फंडिंगसह आलेल्या प्रवेशावर निर्णय घ्यायला त्या तारखेपर्यंत मुदत द्यायची असं ठरवलेलं आहे, त्यामुळे जागा शेवटच्या दोन-तीन दिवसांत मोकळ्या होतात. अजून इच्छा असल्याचं एक छोटं, सभ्य पत्र विभागाला पाठवावं. कारण विचारणारी पत्रं पाठवून उपयोग होत नाही, बहुतेक विभाग कारण सांगत नाहीत. आणि या वर्षी अर्ज करायचाच नाही असं ठरवलं, तर तोही निर्णय शहाण्या माणसाचाच असतो. वडिलांचं आजारपण सांभाळायला परत गेलेला, आता तालुक्याच्या कॉलेजात शिकवणारा माझा एक विद्यार्थी आजही नवे निबंध वाचतो आणि मला पाठवतो.

ऊसतोडीच्या प्रश्नावर काम करणाऱ्या त्या मुलीने गेल्या नोव्हेंबरात पुन्हा अर्ज भरले. नऊ ठिकाणी, त्यातले चार कृषी अर्थशास्त्राचे. एक पत्र प्रकल्पाच्या प्रमुखांचं, एक ॲनालिसिस शिकवलेल्या गणिताच्या बाईंचं, तिसरं माझं. पहिल्या वेळी तिचं पत्र मी पाऊण तासात लिहिलं होतं. या वेळी तीन संध्याकाळी लागल्या. कोयता, उचल, तो रकाना, तिची चार पानं आणि त्यातून तिने काय काढलं, एवढंच त्यात आहे. हुशार हा शब्द एकदाही आलेला नाही. तक्त्यातल्या कोणत्या चौकटीत खूण केली ते तिने विचारलं नाही आणि मला सांगायची मुभाही नाही. निकाल फेब्रुवारीत लागायला सुरुवात होईल.